बाल्कनीत आलेला तो पक्षी हमिंगबर्ड नाही, मग कोण आहे? आणि तो पुन्हा यावा म्हणून काय करायचं?

जास्वंदीच्या फुलाशी लटकलेला, उन्हात निळा-जांभळा चमकणारा, अंगठ्याएवढा पक्षी. खाली ओळ लिहिलेली: 'आमच्या बाल्कनीत हमिंगबर्ड!' दर उन्हाळ्यात असे व्हिडिओ फिरतात. त्यांच्या पाठोपाठ जाहिराती येतात: लाल रंगाची प्लास्टिकची बाटली, खाली पिवळी फुलं, आत साखरपाणी भरा आणि हमिंगबर्ड बोलवा.

छत्रपती संभाजीनगरात काय किंवा भारतात इतरत्र काय, हमिंगबर्ड रानात सापडत नाही. व्हिडिओत दिसतो तो बहुतेक वेळा शिंजीर असतो. त्याला सूर्यपक्षी असंही म्हणतात, काही भागांत फुलचुखी. तो आपल्याच मातीतला, बारा महिने इथेच राहणारा पक्षी आहे. त्याला घराजवळ आणायला बाटली लागत नाही. काय लागतं, ते पुढे पाहू.

हमिंगबर्ड इथे का नाही?

हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत आणि त्या सगळ्या उत्तर आणि दक्षिण अमेरिका खंडांत, अलास्कापासून थेट दक्षिण टोकापर्यंत. क्युबातला बी हमिंगबर्ड जेमतेम दोन ग्रॅमचा, जगातला सगळ्यात लहान पक्षी. गंमत म्हणजे हमिंगबर्डसारख्या पक्ष्याचे सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म जर्मनीत सापडलेत, २००४ मध्ये त्यावर शोधनिबंधही आला. म्हणजे कधीकाळी त्यांचे नातलग अटलांटिकच्या अलीकडेही होते. आज मात्र नाहीत.

आशिया आणि आफ्रिकेत फुलातला मध पिण्याचं काम शिंजिरांनी घेतलं. हमिंगबर्ड आणि शिंजीर यांचं जवळचं नातं नाही. हमिंगबर्ड पाकोळीच्या गणातला, तर शिंजीर चिमणी-कावळ्याच्या मोठ्या गणातला. पण काम एकच, म्हणून हत्यारंही सारखी झाली: लांब, बाकदार चोच आणि नळीसारखी जीभ. चमकणारी पिसंही दोघांकडे आहेत.

मोठा फरक उडण्यात आहे. हमिंगबर्ड हवेत एकाच जागी तरंगत मध पितो, पंख सेकंदाला ५० वेळा वगैरे हलतात, मागेही उडता येतं. शिंजीर क्वचित, क्षणभर तसं करतो. एरवी त्याला बसायला काडी लागते. दक्षिण आफ्रिकेत बाबियाना रिंजेन्स नावाची एक वनस्पती आहे. ती खास शिंजिराला बसता यावं म्हणून फुलाच्या वर एक बिनफुलांचा दांडा उगवते. पक्षी त्याला धरून उलटा लटकतो आणि मध पिता पिता परागकण अंगावर घेऊन जातो. झाडानं पाहुण्यासाठी खुर्ची टाकावी, तसा प्रकार. बाल्कनीत झाड निवडताना ही खुर्चीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग मला नेमकं काय दिसलं?

संभाजीनगरात दोन शिंजीर नेहमीचे.

पहिला जांभळा शिंजीर. लांबी साधारण १० सेंटिमीटर, वजन आताच्या रुपयाच्या दोन नाण्यांएवढं. नर लांबून काळा कुळकुळीत वाटतो, ऊन पडलं की निळा-जांभळा चमकतो. मादी वरून मातकट-हिरवट, पोटाला पिवळसर. गोंधळ होतो तो विणीचा हंगाम संपल्यावर. तेव्हा नराची झगमगीत पिसं गळतात, तोही मादीसारखा फिका दिसायला लागतो. फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा उरतो. 'काळे गेले, आता पिवळे आले' असं अनेकांना वाटतं. बऱ्याचदा पक्षी तोच असतो, कपडे बदललेले असतात.

दुसरा जांभळ्या पाठीचा शिंजीर. हा फक्त भारतीय उपखंडात आढळतो. नराचं पोट पिवळंधमक, छातीवर तांबूस-तपकिरी पट्टा, डोक्यावर हिरवी चमक आणि कमरेवर जांभळी. बागेत बसलेला ओळखायचा तर एकच खूण पुरे: पोट पिवळं आणि गळा गडद चमकदार. सह्याद्रीत लाल गळ्याचा आणखी एक देखणा शिंजीर असतो, पण त्याची वाट मराठवाड्यात पाहत बसू नका.

तिसरी शक्यता म्हणजे तो पक्षीच नाही. संध्याकाळी फुलासमोर एकाच जागी तरंगणारा, गुंजारव करणारा, लांब सोंड फुलात घालणारा जीव दिसला तर तो हॉक मॉथ गटातला पतंग असू शकतो. तो हुबेहूब हमिंगबर्डसारखा उडतो. व्हिडिओ थांबवून पाहा: डोक्यावर दोन मिशा आणि काम झालं की गुंडाळली जाणारी सोंड दिसेल. 'भारतात हमिंगबर्ड सापडला' म्हणून फिरणाऱ्या काही क्लिप्समधला नायक हाच असतो.

साखरपाण्याची बाटली टांगू का?

माझं मत: नको. कारणं सांगते.

अमेरिकेत बाटल्या चालतात कारण तिथे हमिंगबर्ड आहेत, शिवाय तिथल्या लोकांनी त्याची शिस्तही लावून घेतली आहे. एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. मध नाही, गूळ नाही, खाण्याचा रंग नाही. उन्हाळ्यात रोज किंवा एक दिवसाआड बाटली रिकामी करून, घासून, पुन्हा भरायची. कारण उष्णतेत साखरपाणी आंबतं, त्यावर बुरशी धरते आणि ती पक्ष्याला मारू शकते. मध किंवा गूळ घातला तर हे आणखी लवकर होतं.

आता हेच एप्रिल-मेच्या संभाजीनगरात करून पाहा. पारा चाळिशीच्या पुढे, बाल्कनीची भिंत तापलेली. बाटलीतलं पाणी गढूळ व्हायला फार वेळ लागणार नाही. त्यात शहराच्या अनेक भागांत नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं. रोज बाटली घासायला पाणी खर्च करणं किती घरांना परवडेल? बाटली टांगताना सगळे उत्साही असतात, आठव्या दिवशी ती तशीच लोंबकळत असते. तोवर मुंग्यांची रांग लागलेली, मधमाश्या घोंघावत असतात आणि खारूताईनं प्लास्टिकचं फूल कुरतडलेलं असतं.

शिंजीर बाटलीवर कधीच येत नाही असं नाही. काही जणांकडे येतो. पण साखरपाण्यात साखर आणि पाणी एवढंच असतं. फुलावर आलेल्या शिंजिराला मधासोबत तिथले बारीक किडे मिळतात, पानामागचा कोळी मिळतो. बाटलीशेजारी हे काही नसतं.

कोणी आधीच बाटली आणली असेल आणि टांगायचीच असेल, तर वरचं प्रमाण आणि रोजची सफाई पाळा, सावलीत टांगा, गावाला जाताना काढून ठेवा. न्यू जर्सीतल्या मावशीकडे किंवा कॅलिफोर्नियातल्या भावाकडे बाटली असेल तर ती मात्र योग्य जागी आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात लाल गळ्याचा रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड उन्हाळ्यापुरता येतो, तर कॅलिफोर्नियाच्या किनारी भागात अ‍ॅनाज हमिंगबर्ड वर्षभर असतो.

मग काय लावायचं?

इथे सांगण्यासारखं खूप आहे, कारण शिंजीर आणि आपली झाडं यांची मैत्री फार जुनी आहे. डॉ. सलीम अली यांचं नाव आपल्या शहराला नवं नाही. दिल्ली गेटजवळ, हिमायतबागेसमोरच्या तलावाला त्यांचंच नाव आहे. त्यांनी १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये एक लेख लिहिला होता. विषय होता कोकणातलं बांडगूळ आणि त्याचा प्रसार करणारे पक्षी. पुढच्याच वर्षी पक्ष्यांवर अवलंबून असलेली फुलं आणि फुलांवर जगणारे पक्षी यावर त्यांचा मोठा लेख आला.

बांडगुळाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आंब्याच्या फांदीवर उगवणाऱ्या या परजीवी झाडाची लांबट कळी पिकली तरी मिटलेलीच राहते. शिंजीर येऊन चोचीनं दाबतो तेव्हा ती टपकन उघडते आणि परागकण त्याच्या डोक्यावर उडतात. तो पुढच्या फुलावर जातो, परागीभवन होतं. फळ धरलं की दुसरा चिमुकला पक्षी, फुलटोच्या, ते खातो आणि चिकट बी फांदीला पुसून टाकतो. तिथून नवं बांडगूळ. म्हणजे लावणी फुलटोच्याकडे आणि परागीभवन शिंजिराकडे. बागायतदाराला हे दोघे नकोसे वाटले तर नवल नाही. म्हणून तुमच्या आंब्यावर बांडगूळ वाढवा असं मी सांगणार नाही. पण सोसायटीतल्या एखाद्या जुन्या झाडावर ते असेल, तर शिंजीर तिथे का घुटमळतो हे आता कळेल.

अंगण किंवा मोकळा प्लॉट असेल तर पळस, पांगारा, काटेसावर ही मोठी झाडं. थंडी सरता सरता, पानं गळालेल्या फांद्यांवर ही झाडं फुलतात आणि शिंजिरापासून मैना-बुलबुलांपर्यंत सगळ्यांची तिथे झुंबड उडते. शेवगा हा त्यातल्या त्यात घरगुती उपाय: आपल्याला शेंगा, त्याला फुलं. डाळिंबाच्या फुलांवरही तो येतो. परसात केळ असेल तर केळफुलाचा एकेक पापुद्रा उघडताना खालच्या फुलांत भरपूर मध असतो, तिथे शिंजीर उलटा लटकलेला हमखास दिसतो.

मधल्या उंचीच्या झुडपांत धायटी आणि अडुळसा. दोन्ही देशी आहेत, दोघांना फार लाड लागत नाहीत. धायटीच्या लालभडक नळ्यांचे घोस उन्हाळ्याच्या तोंडाला फांदीभर लगडतात. अडुळसा तर खोकल्यासाठी कित्येकांच्या परसात असतोच. त्याच्या पांढऱ्या फुलांकडे आपलं लक्ष जात नाही, शिंजिराचं जातं. कुडाची जागा असेल तर मुरुडशेंगही लावता येईल. तिची फुलं आधी लाल आणि नंतर निळसर-राखाडी होतात.

आता फ्लॅटवाल्यांसाठी. शहरातल्या बहुतेकांचा प्रश्न हाच: चार कुंड्या, पश्चिमेचं ऊन आणि मोजकं पाणी.

जास्वंद पहिली. बारा-चौदा इंची कुंडी, रोज थोडं पाणी आणि ऊन. नर्सरीत गुच्छासारखी, भरगच्च पाकळ्यांची जास्वंद सुंदर दिसते, पण घ्या साधी एकेरी. पाकळ्यांच्या गर्दीत चोच शिरत नाही. एकेरी फुलातही शिंजीर बऱ्याचदा समोरून न जाता देठाजवळ भोक पाडून मध पितो. फुलाच्या दृष्टीनं ही चक्क चोरी, कारण परागकण काही पोचत नाहीत. देवपूजेसाठी सकाळी सगळी फुलं तोडणाऱ्या घरांना एक विनंती: दोन-चार झाडावर राहू द्या.

दुसरी हॅमेलिया. ही मूळची अमेरिका खंडातली आणि तिकडे हमिंगबर्डची आवडती. नारिंगी-लाल नळीसारखी फुलं, जवळजवळ वर्षभर. फुलं संपली की बारीक काळी फळं, त्यावर बुलबुल. इथे आल्यावर तिला हमिंगबर्ड भेटला नाही, शिंजीर भेटला आणि दोघांचं जमून गेलं. शिवाय फांद्या कडक असल्यानं बसायला जागा मिळते. खुर्चीची गोष्ट आठवली? लोंबत्या टोपलीतल्या नाजूक फुलांपेक्षा अशी उभी झुडपं बरी.

तिसरी कोरफड. हे बऱ्याच जणांना नवं वाटेल. कुंडीत जुनी झालेली कोरफड थंडीत लांब दांडा काढते, त्याला पिवळ्या किंवा केशरी नळ्या लागतात. कोरफडीच्या आफ्रिकेतल्या भाऊबंदांना तिथले शिंजीरच लागतात. पाणी आठवड्यातून एकदा चुकलं तरी चालतं, म्हणून आपल्या शहरासाठी हिच्याएवढं सोयीचं झाड नाही. दांडा आला की 'कोरफड खराब होते' म्हणून तो कापू नका. कर्दळही चांगली, फक्त तिला पाणी जास्त लागतं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी तिला घाला.

घाणेरी लावायचा मोह टाळा. शिंजीर आणि फुलपाखरं तिच्यावर येतात हे खरं, पण ही परदेशी झुडपं माळरानं आणि जंगलं गिळत चालली आहेत. बुलबुल फळं खातो आणि बी बाल्कनीतून थेट डोंगरावर पोचतं.

कोळ्यांची जाळी काढू नका, निदान सगळी

मधावर जगतो म्हणून शिंजीर शाकाहारी असा समज आहे. मोठे शिंजीरही किडे आणि कोळी खातात. पिल्लांचं तर वाढीचं अन्नच ते, कारण पिसं-हाडं घडायला प्रथिनं लागतात आणि ती मधात जवळजवळ नसतात. त्यामुळे मावा दिसला की लगेच कीटकनाशक फवारणारी बाग शिंजिरासाठी रिकामं ताट असते. फुलं दिसतात, पिल्लांचा घास नसतो. मावा असेल तर पाण्याचा जोरदार फवारा मारा, फार झालं तर निमतेल संध्याकाळी आणि फक्त तेवढ्याच फांदीवर.

कोळ्याचं जाळं दोनदा उपयोगी पडतं. कोळी हे अन्न, आणि जाळं म्हणजे घरटं बांधायची दोरी. दिवाळीच्या सफाईत घरातली जळमटं काढा की खुशाल. बाल्कनीच्या बाहेरच्या कोपऱ्यातलं एखादं जाळं मात्र राहिलं तर आई ओरडेल, मादी शिंजीर खूश होईल.

पाण्याचं सांगायचं तर मातीचा उथळ परळ पुरे, बोटाच्या एका पेरापेक्षा खोल नको. आत एक दगड ठेवा. पाणी रोज बदला. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो, त्यामुळे यात आळस नको. सकाळी झाडांवर पाणी शिंपडलं तर ओल्या पानांवर अंग घासून आंघोळ करणारा शिंजीर दिसू शकतो.

आरशाशी भांडणारा पक्षी

साधारण फेब्रुवारीपासून फोन येतात: एक काळा पक्षी पार्किंगमधल्या स्कूटरच्या आरशावर टोचा मारतोय. तो जांभळा शिंजीर नर असतो. विणीच्या काळात तो आपला इलाखा राखतो आणि आरशातला पक्षी त्याला प्रतिस्पर्धी वाटतो. हे दिवसदिवस चालू शकतं, त्यात तो थकतो. आरशावर जुना मोजा किंवा कापडी पिशवी चढवा, खिडकीच्या काचेवर बाहेरून कागद लावा. प्रश्न मिटतो.

घरटं सापडलं तर

विणीचा मुख्य काळ पावसाळ्याआधीचा. मादी एकटी घरटं विणते. वेलीच्या टोकाला, वायरला, कपडे वाळत घालायच्या दोरीला, दारावरच्या तोरणालाही. लांबट लटकती पिशवी, बाजूला छोटं दार आणि दारावर छज्जा. जाळ्यांच्या धाग्यांत गवत, सालीचे तुकडे, कागदाचे कपटे, अळ्यांची विष्ठा असं काहीही अडकवलेलं असतं, आत मात्र मऊ कापूस. बाहेरून ते लोंबणाऱ्या कचऱ्यासारखं दिसतं. मुद्दाम तसं दिसतं, आणि म्हणूनच झाडूनं ओढून टाकलं जातं. उन्हाळ्यात वायरला अडकलेला 'कचरा' काढण्याआधी बाजूला भोक आहे का, एवढं पाहा.

अंडी बहुधा दोन. उबवण्याचे साधारण दोन आठवडे, त्यानंतर पिल्लं उडेपर्यंत आणखी दोन. घरटं विणण्याचे दिवस धरून महिना-सव्वा महिन्याचा मामला. तेवढे दिवस ती दोरी वापरू नका, कुंडी हलवू नका. घरटं सावलीत किंवा 'सुरक्षित जागी' नेऊन टांगलं तर आई बहुतेक ते सोडून देते.

आणि रील. घरट्याचा व्हिडिओ भरपूर लाइक्स मिळवतो हे मान्य. पण चांगली फ्रेम मिळावी म्हणून आडवी आलेली दोन पानं तोडली जातात. ती पानं म्हणजे पिल्लांचं छप्पर असतं: चाळीस अंशांच्या उन्हापासून आणि कावळ्याच्या नजरेपासून. फ्लॅश, सेल्फी स्टिक, दर तासाला डोकावणं, हेही नको. मादी चोचीत किडा घेऊन समोरच्या तारेवर बसली आहे आणि आत जात नाही, असं दिसलं तर तिला तुम्ही अडवताय. मागे सरका, खिडकीतून लांबून झूम करून घ्या. शिंजिराला, त्याच्या अंड्यांना किंवा पिल्लांना पकडणं आणि पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, पिंजऱ्यातला व्हिडिओ तर आयता पुरावा.

पिल्लू खाली पडलेलं दिसलं आणि त्याला पूर्ण पिसं आली असतील, तर ते उडायला शिकत आहे. मांजर हाकला, त्याला उचलून जवळच्या झुडपावर ठेवा आणि दूर व्हा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकतात ही निव्वळ अफवा. दूध, पोळी, साखरपाणी काही भरवू नका. पिल्लू उघडंबोडकं असेल आणि घरट्यापर्यंत हात पोचत असेल तर अलगद परत ठेवा. जखमी असेल तर झाकणाला भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापडावर, अंधारात आणि शांततेत ठेवून वन विभागाच्या 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइनला, १९२६ वर फोन करा.